देवाला हात लावलेला नाही

"एक माणूस जागचा उठणार नाही!" असं नारायणराव पोतनीस भर सभेत गरजले, आणि खाली बसता बसताच त्यांच्या लक्षात आलं, की आपण हे काय बोलून बसलो.

सभा होती भोरातल्या दत्ताच्या आळीच्या उत्सव समितीची. आणि काळ होता, मोबाईल गावात फक्त बिल्डर आणि पुढारी यांच्याच खिशात असे आणि बाकीची मंडळी इंटरनेटचं नाव अजून आदरानं, पूर्ण घेत, तेव्हाचा. सभेपुढचा विषय कीर्तन. कीर्तनाचा विषय निघाला की नारायणरावांचं भान सुटे. कचेरीतून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. साऱ्या नोकरीत ज्या माणसानं वरिष्ठांपुढे 'बघतो साहेब' यापलीकडे वाक्य उच्चारलं नाही, तोच माणूस कीर्तनात 'जय हरी'चा असा टिपेचा पुकारा करी, की मांडवाबाहेर झोपलेली कुत्री उठून जागा बदलत.

आता ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेतात आणि संत्र्यासारखा सोलून एकेक फोड हातावर ठेवतात. उत्तररंगात गोष्ट सांगतात. दोहोंच्या मधे मध्यंतर. तेव्हा बुवांच्या गळ्यात हार पडतो, सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागतो, बुवा जरा टेकतात. खरी गोडी पुढेच असते. पण कपाळाला बुक्का लागला की आपलं काम झालं, असं भोरातल्या लोकांना अलीकडे वाटू लागलं होतं. सहीशिक्का होऊन दाखला हातात पडल्यावर कोण कशाला कचेरीत थांबेल? गेल्या वर्षी समारोपाच्या कीर्तनात बुक्का लागला आणि मांडव ओस पडला. उत्तररंग ऐकायला उरले ते नारायणराव, चार म्हाताऱ्या आणि सतरंज्या गोळा करायला थांबलेला मांडववाला.

"नारायणराव, मी काय कीर्तनाच्या विरुद्ध आहे का?" समितीचे अध्यक्ष दिनकरशेट रांजणे म्हणाले. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे बोलणं जरा मोठ्यानं. "माझे आजोबा कीर्तन ऐकता ऐकता वारले! पण लोक उठतात त्याला काय करता? सतरंज्यांना आख्यान सांगायचं? या वर्षी लोक उठले, तर पुढच्या वर्षीपासून समारोपाला ऑर्केस्ट्रा. पुण्याचा माणूस कार्ड देऊन गेलाय." त्यांनी खिशातून कार्ड काढून सगळ्यांना दाखवलं. कार्डावर गिटार होती.

ती गिटार पाहिली आणि नारायणरावांचा तोल गेला. ते उभे राहिले. या वर्षी मध्यंतरात एक नवंकोरं पद होईल, असं होईल की एक माणूस जागचा उठणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. दिनकरशेटनी "ठीक आहे, बघू" म्हणून कार्ड खिशात ठेवलं, पण वरच्या खिशात ठेवलं, दिसेल असं.

घरी आल्यावर नलूताईंनी ताट वाढता वाढता विचारलं, "पद म्हणणार कोण?"

"बघू."

"लिहिणार कोण?"

"बघू."

"आणि चाल?"

"अगं, सगळं आत्ताच कसं सांगू?"

"म्हणजे एक माणूस उठणार नाही, एवढंच नक्की झालंय," नलूताई म्हणाल्या आणि त्यांनी आमटी वाढली.

पहिलं काम बुवांची परवानगी. समारोपाचं कीर्तन वर्षानुवर्षं गेनूबुवांचं. बुवा राहायचे विंझरला. म्हणजे भोरहून कापूरहोळ, तिथून नसरापूर फाटा आणि मग वेल्ह्याची एसटी. नारायणराव पोचले तेव्हा बुवा ओट्यावर खांबाला टेकून गाढ झोपले होते. नारायणराव आधी खाकरले. मग "बुवा" म्हणाले. मग जरा मोठ्यानं "बुवा!" म्हणाले. समोरच्या घरातली म्हैस वळून बघायला लागली, बुवा जागचे हलले नाहीत.

आतून बुवांच्या मंडळी, ठकुबाई, हात पुसत बाहेर आल्या. "आसं न्हाई उठायचे त्ये. तुमी नमन म्हना."

"नमन?"

"व्हय. कीर्तनाच्या आधी कोंडिबा टाळकरी नमन म्हनतो न्हवं? तवर ह्ये डोळं मिटून बसत्यात. नमन थांबलं की ह्येंनी उभं ऱ्हायाचं. जलमाची सवय हाय. नमन चालू हाय तवर वीज पडली तरी उठायचे न्हाईत, आन थांबलं की लगेच उठत्यात. म्या तर सकाळच्याला तसंच उठिवते."

नारायणरावांनी उन्हात, म्हशीच्या साक्षीनं, गजाननाला आणि शारदेला नमन केलं. बुवा ढिम्म. नारायणराव थांबले. त्याक्षणी बुवांचे डोळे उघडले, हात चिपळ्यांसाठी उचलला गेला, आणि "तर श्रोतेहो" असं म्हणून त्यांनी समोर पाहिलं. समोर एकटेच नारायणराव.

"आरं, पोतनीस! बसा, बसा. लई थोडी मंडळी आली आज."

सगळं ऐकल्यावर बुवा हसले. "करा की पद. माझा घसा आता पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई, नारायणराव. पूर्वरंगात फाटतो, आन उत्तररंगाला चिंध्या. मदी जरा टेकायला गावलं तर बरंच हाय. पर येक सांगतो. मानसं बसवायचं काम पदाचं न्हाई. मानूस आपल्या मनानं बसतो न्हाईतर उठतो." नारायणरावांना हे काही पटलं नाही, पण बुवांशी वाद घालायचा नसतो म्हणून त्यांनी मान डोलावली.

पद कोण करणार, हा प्रश्न न्यू जर्सीत सुटला. पुतण्या सुयश तिकडे कॉम्प्युटरमध्ये होता. रविवारी फोन आला तेव्हा नलूताईंनी नवऱ्याची प्रतिज्ञा त्याच्या कानावर घातली, आणि तो उत्साहानं म्हणाला, "काका, आपण ग्रुप करू! दत्ताच्या आळीतले जगभर आहेत. प्रत्येकानं थोडं थोडं करायचं, इंटरनेटवरून पाठवायचं, मी इथं जोडतो. सगळ्यांचं मिळून एक पद!"

नारायणरावांना कल्पना आवडली. एकट्यानं फजिती होण्यापेक्षा पाच जणांत वाटून झालेली बरी, हा विचार कचेरीतल्या माणसाला सहज सुचतो.

असा ग्रुप स्थापन झाला. न्यू जर्सीचा सुयश. मेलबर्नची सई, ती आळीतल्या शाळेच्या मागे राहायची, गाणं रीतसर शिकलेली. नागपूरचे प्राध्यापक धारपुरे. त्यांचं बालपण आळीत गेलं होतं आणि तेव्हापासून ते रागांवर बोलत होते. मस्कतचा खालिद, लहानपणी देवळाच्या पायरीवर बसून तो प्रत्येक कीर्तन ऐके आणि घरी जाऊन बुलबुलतरंगावर वाजवी. आणि भोरातून स्वतः नारायणराव.

भोरातून म्हणजे सलीमच्या दुकानातून. सलीम हा खालिदचा चुलतभाऊ. त्याचा एसटीडी बूथ होता. त्यात त्यानं दोन कॉम्प्युटर मांडून बाहेर 'गुलफशा इंटरनेट' अशी पाटी लावली होती. गुलफशा त्याची मुलगी. नारायणराव बोलत आणि सलीम टाइप करी. हळूहळू सलीम सुधारणाही करू लागला.

"लिही, 'आपले कृपापत्र पावले.'"

"काका, ई-मेलला पावले म्हणत नाहीत. आला म्हणतात."

"बरं, लिही, 'आपला कृपामेल आला.'"

पहिला प्रश्न रागाचा. प्राध्यापक धारपुऱ्यांनी यमन सुचवला आणि यमनच का, हे इतक्या विस्तारानं लिहिलं की सलीमच्या प्रिंटरची शाई संपली. सईनं नम्रपणे भूप म्हटलं. खालिद म्हणाला, पिलू बरा, बुलबुलतरंगाला सोपा जातो. धारपुऱ्यांनी यावर दुसरा निबंध पाठवला. सुयशनं मतदान घेतलं. प्रत्येक रागाला त्याच्या त्याच्या माणसाचं एकेक मत पडलं, सुयशनं निकाल लावायचा म्हणून मत दिलं नाही, आणि नारायणराव तटस्थ राहिले. चाळीस वर्षांची सवय. शेवटी ठरलं, की ज्याला जो राग येतो त्यानं त्यात करावं.

मग सुरुवात कुणी करायची? सईनं लिहिलं, नारायणकाका वडीलधारे, आधी त्यांनी. नारायणरावांनी लिहवलं, छे छे, प्राध्यापक जाणकार, आधी त्यांनी. धारपुरे म्हणाले, कन्या सई रीतसर शिकलेली, तिचा मान. सई म्हणाली, खालिदभाईंना ड्यूटीतून वेळ मिळत नाही, त्यांनी सवडीनं आधी करावं. खालिद म्हणाला, मी पायरीवरचा माणूस, मी सगळ्यांत शेवटी. असे नमस्कार समुद्र ओलांडून इकडून तिकडे जात राहिले आणि इकडे मार्गशीर्ष जवळ आला. दिनकरशेट रस्त्यात भेटले की वरच्या खिशावर हात ठेवत, "काय म्हणतंय पद?" नारायणराव म्हणत, "रंगतंय."

अखेर सुयशनं तोडगा काढला. सगळ्यांनी एकाच वेळी आपापला तुकडा करायचा, कुणी कुणाचा ऐकायचा नाही, थेट त्याच्याकडे पाठवायचा. कुणाचा पहिला लावायचा ते तो ठरवेल.

तोडगा अमेरिकेत चालला असता. पण दत्ताच्या आळीत वाढलेल्या माणसाची एक अडचण असते. तो नमन केल्याशिवाय काही सुरू करत नाही. इथल्या बायका आधी देवाचं नाव घेतात आणि मग लोणचं घालतात. नारायणरावांच्या मनात आलं, समजा माझाच तुकडा पहिला लागला आणि त्यात नमन नसलं, तर? साऱ्या पदाला अपशकुन! तेव्हा आपण आपलं आधी नमन करावं आणि मग कडवं म्हणावं. फार लांबवू नये, पण थोडकंही नको, देव आहे. हाच विचार त्याच आठवड्यात मेलबर्नला, मस्कतला, नागपूरला आणि न्यू जर्सीलाही चार जणांच्या मनात तंतोतंत आला. हे नारायणरावांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

त्यांचं रेकॉर्डिंग झालं ते एसटीडीच्या काचेच्या केबिनमध्ये. आत नारायणराव, टाळ आणि माइक. बाहेर फोनसाठी थांबलेली माणसं. गाताना डोळे मिटायची त्यांची सवय; डोळे उघडले तेव्हा काचेला नाकं लागली होती.

"दम कमी पडतोय काकांचा," एक जण म्हणाला.

"त्यांना म्हणावं, पोटातनं गा," दुसरा म्हणाला. "आमच्या सासऱ्यांनी कापूर चघळला होता, असा आवाज लागला!"

"सासरे आहेत का अजून?"

"आहेत. बोलत नाहीत."

"ओ, होणार का नाही यांचं?" तिसरा काच वाजवत म्हणाला. "माझी म्हैस आटलीय, डॉक्टरला फोन करायचाय!" हे वाक्य नारायणरावांच्या कडव्यात कायमचं गेलं. पुन्हा गायची ताकद नव्हती. सुयश ते काढून टाकेल, असं सलीम म्हणाला.

तुकडा गेला आणि दुसऱ्याच दिवशी सलीमचा फोन मेला. आता सुयशचं जोडलेलं पद भोरात उतरायचं कसं? सलीमला दुकान सोडता येईना, म्हणून नारायणराव स्वतः तक्रार घेऊन फोनच्या ऑफिसात गेले. खिडकीमागच्या माणसानं अर्ज वाचला आणि परत सरकवला. "फोन वाजिद यांच्या नावावर. अर्जावर सही सलीमची. फोनधारकानं स्वतः सही करावी."

दुसरा कुणी चिडला असता. नारायणराव क्षणभर भारावले. किती निर्दोष हरकत! साऱ्या नोकरीत त्यांनी स्वतः हीच हरकत कितीजणांना घेतली असेल. शिकवलेली विद्या समोर उभी राहून आपल्याच तोंडावर दार लावते, तेव्हा गुरूला काय वाटावं? त्यांनी अर्ज मुकाट्यानं खिशात घातला.

वाजिदचाचा म्हणजे सलीमचे वडील. त्यांचं पानशेतला धरणाजवळ भज्यांचं हॉटेल. नारायणराव एसट्या बदलत तिथं पोचले. चाचांनी तळता तळता अर्जावर सही केली, अर्जाला तेलाचा डाग पडला, आणि मग सगळी हकीकत ऐकून म्हणाले, "पोतनीससाहेब, पद कशाला? मध्यंतरात मांडवामागं भजी तळा. वास सुटला की कोण उठतंय?"

"चाचा, कीर्तन आहे ते!"

"म्हणजे काय? आम्ही ऐकलेलं नाही काय? तुमचे बुवा लंकेच्या वर्णनात तीनतीनदा पक्वान्नं आणत होते, ते कशाला? बसवायलाच की!" मग झारा थांबवून ते हळूच म्हणाले, "आपला खालिद गाणार म्हणतात त्यात. येऊ का मी त्या दिवशी?"

"हे काय विचारणं झालं?" नारायणराव म्हणाले. परतीच्या एसटीत भज्यांची पुडी मांडीवर होती आणि काळजी पोटात.

फोन सुरू झाला तो थेट समारोपाच्या दिवशी सकाळी. सलीमनं कॉम्प्युटर लावला. पद यायला लागलं, अर्ध्यात अडकलं. पुन्हा लावलं, पुन्हा अडकलं. सुयशनं पाठवलेली फाइल एवढी जाडी की भोरच्या तारेतून येईना; हत्ती नळातून काढावा तसं चाललेलं. शेवटी सुयशचाच बूथवर फोन आला.

"काका, फाइल मोठी झालीय. काहीतरी कापावं लागेल, तरच उतरेल."

"काप रे बाबा. तुला योग्य वाटेल ते काप. संध्याकाळी कीर्तन आहे!"

"आईला विचारलं मी," सुयश म्हणाला. "ती म्हणाली, काय वाटेल ते काप, पण देवाच्या नावाला कात्री लावलीस तर हात मोडतील. म्हणून देवाला हात लावलेला नाही. बाकीचं कापलं. पाठवतो परत."

"शाब्बास!" नारायणराव म्हणाले. संस्कार टिकले, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले. बाकीचं म्हणजे काय, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

पद उतरलं तेव्हा दिवस कलला होता. मांडवात वाजवायचं यंत्र कॅसेटचं. सलीमनं पद कॅसेटवर घेतलं आणि ती कॅसेट हातात घेऊन पळत आला तेव्हा पूर्वरंग निम्मा झाला होता. आधी एकदा ऐकून घ्यावं, असं नारायणरावांना फार वाटलं. पण सवड नव्हती.

गेनूबुवांचा पूर्वरंग कष्टाचा झाला. घसा फाटत होता. वरचा सूर लावायला बुवा मान उंच करीत, सूर खालीच राही, आणि कोंडिबा टाळकरी तो आपल्या आवाजानं उचलून घेई. लोक चुळबुळत होते. शेवटच्या रांगेत, जायच्या वाटेवर, दिनकरशेट बसले होते. वरच्या खिशातून कार्डाचा कोपरा दिसत होता. देवळाच्या पायरीवर वाजिदचाचा, धुतलेला सदरा घालून.

मध्यंतर झालं. बुवांच्या गळ्यात हार पडला. बुवा मागच्या खांबाला टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. बुक्क्याची वाटी रांगांतून फिरायला लागली. आणि वाटी पुढे सरकली की मागे गुडघ्यांवर हात टेकल्याचे, "चला, उद्या लवकर उठायचंय" असे आवाज. नारायणरावांनी सलीमला खूण केली. सलीमनं बटण दाबलं.

कर्ण्यातून सईचा आवाज आला. मेलबर्नहून आलेला, पण ओल्या मातीसारखा भोरचा. गजाननाला नमन. जे उठत होते त्यांचे हात जुळले. हात जोडलेल्या माणसाला उठता येत नाही. ते परत टेकले. ते नमन संपलं आणि त्यांनी पुन्हा गुडघ्यावर हात ठेवले.

आता कडवं, असं नारायणराव मनात म्हणाले.

कर्ण्यातून धारपुरे उमटले. यमनात. शारदेला नमन. हात परत जुळले. शाळेतल्या तीन मास्तरणी पदर खोचून निघाल्या होत्या त्या शारदेचं नाव ऐकून उभ्याच्या उभ्या खिळल्या आणि मग गुपचूप खाली बसल्या. पण शारदेबरोबर धारपुरे थांबेनात. त्यांनी वीणेला नमन केलं, वीणेच्या तारांना केलं. त्यांच्या शेवटच्या सुराला चिकटूनच सुयशचा घोगरा आवाज आला: आईवडिलांना नमन. मधे श्वासाचीसुद्धा फट नाही.

सुयशनं काय कापलंय, ते आता नारायणरावांना कळलं. कडवीच्या कडवी गेली होती. यमनाचा विस्तार, सईची रीतसर तान, त्यांचं स्वतःचं म्हशीसकट कडवं, सगळं अमेरिकेत राहिलं होतं. भोरात पोचलं होतं ते फक्त नमन.

"अहो," बायकांतून नलूताई पुटपुटल्या, "पद कधी सुरू होणार?"

"बघू," नारायणराव म्हणाले.

दिनकरशेट उठले होते. आईवडिलांच्या नमनात उठून जाणं बरं दिसेना, म्हणून ते अर्धवट वाकून थांबले. त्यांच्या शेजारी त्यांची आई बसली होती. तिनं लेकाकडे नुसतं वर पाहिलं. शेट बसले.

मग बुलबुलतरंग वाजायला लागला. पिलू. खालिदचा आवाज लाजरा होता. त्यानं नमन केलं ते मांडवाला, टाळाला, आणि मग "ज्या पायरीवर बसून मी ऐकलं, त्या पायरीला माझा सलाम." साऱ्या मांडवानं वळून पायरीकडे पाहिलं. वाजिदचाचा तिथं बसलेले. ते गडबडीनं उठून बाजूला झाले, जणू पुतण्या पायरीला वाकून नमस्कार करणार आणि मधे आपण. एका म्हातारीनं त्यांच्या कपाळालाही बुक्क्याचं बोट टेकवलं. चाचांनी टोपी नीट केली आणि दुसरीकडे बघायला लागले.

शेवटी नारायणरावांचा स्वतःचा आवाज. तो ऐकवेना त्यांना. पोटातून आला नव्हता, कापूर खाऊनसुद्धा सुधारला नसता. पण त्यांनी नमन केलं होतं श्रोत्यांना: "जे बसले त्यांना नमन, जे ऐकती त्यांना नमन, संतसज्जनहो, तुमच्या चरणी माथा." आता ज्याच्या पायावर कुणी डोकं ठेवलंय, तो पाय काढून कसा घेणार? मांडवातला माणूस न् माणूस अवघडून बसला होता.

आणि कॅसेट थांबली.

पद संपलं, खरं म्हणजे सुरूच झालं नव्हतं. रांगांमधून श्वास सुटल्याचा आवाज आला, गुडघ्यांवर हात टेकले गेले, दिनकरशेटचा हात वरच्या खिशाकडे गेला. झालं, असं नारायणराव मनाशी म्हणाले. बुवांचं कीर्तन गेलं आणि आपली अब्रूही.

तेवढ्यात खांबाजवळ गेनूबुवांचे डोळे उघडले.

नमन थांबलं होतं! बुवा ताडकन उभे राहिले, उपरणं सावरलं, चिपळ्या वाजवल्या आणि "तर श्रोतेहो" म्हणून त्यांनी अभंग धरला. तोच. मघाचाच. पूर्वरंगाचा.

कोंडिबानं मागून उपरणं ओढलं. "बुवा, पूर्वरंग झालाया."

"टाळ धर," बुवा म्हणाले.

आता लोक काय करणार? कीर्तन तर आत्ता कुठे सुरू झालं होतं, आणि आरंभाला उठून जाईल असा माणूस भोरात अजून जन्माला यायचाय. सगळे सावरून बसले. आणि बुवांचा घसा! एवढ्या नमनांची झोप झालेला तो घसा असा उघडला, की मघाशी खाली राहिलेला सूर आता कर्ण्याच्या वर गेला. अभंग तोच, पण मघाशी सांगितलेलं एक अक्षर बुवांनी पुन्हा सांगितलं नाही. त्याच संत्र्याच्या नव्या फोडी निघत राहिल्या. पूर्वरंगातून बुवा न थांबता उत्तररंगात शिरले. मध्यंतर आलंच नाही, त्यामुळे उठायची वेळही आली नाही. नारायणरावांनी "जय हरी" असा पुकारा केला आणि बाहेरच्या कुत्र्यांनी जागा बदलली.

दिनकरशेट आख्यान संपेपर्यंत बसले. शेवटी आरतीच्या तबकात त्यांनी पैसे टाकायला खिशात हात घातला आणि चुकून कार्डही तबकात पडलं. ते त्यांनी परत काढलं नाही. तबकात पडलेलं परत काढत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाजारातून जाताना नारायणरावांना जागोजाग हाका आल्या. "काय नमन झालं काल! पद कधी आहे?" नारायणराव उत्तर न देता झपाझप चालत गेले. समितीच्या सभेत कीर्तन पुढेही चालू ठेवायचं ठरलं. 'नमन आवरते घ्यावे' अशी सूचना दिनकरशेटनी मांडली, ती त्यांच्याच आईनं निरोप पाठवून हाणून पाडली. ग्रुपला कळवायला नारायणराव सलीमकडे गेले. सलीमनं बोटं तयार ठेवून विचारलं, "काय लिहू काका?"

"लिही. एक माणूस उठला नाही."

संध्याकाळी ते बुवांना एसटीवर पोचवायला गेले. वेल्ह्याकडची गाडी लागायची होती. बुवा बाकावर बसले होते, घसा पुन्हा बसलेला, चेहरा टवटवीत. नारायणरावांना किती वेळ विचारायचं होतं, की बुवा, तुम्ही काल खरंच झोपला होता का? पण बुवांना असं विचारत नाहीत.

गाडी लागली. बुवा पायरीवर चढले आणि मागे वळले.

"नारायणराव, तुमी मदी त्ये पद म्हननार हुता, त्ये ऱ्हायलंच की."

"राहिलं, बुवा," नारायणराव खाली मान घालून म्हणाले.

"बरं झालं," बुवा म्हणाले. "लोकं उठून गेली असती."